हाय-रेझ ध्वनी : प्रश्न कानाचा की हक्काचा?

ग्रंथ आणि ग्रंथकार हा या मालिकेचा नेहमीचा प्रांत. आज मात्र आपण एका खोक्यावरच्या मजकुराची समीक्षा करणार आहोत. घरी गाणं ऐकण्यासाठी जी यंत्रं विकत मिळतात, ॲम्प्लिफायर, एव्ही रिसीव्हर, स्ट्रीमर, डॅक, त्यांच्या खोक्यावर हल्ली एक ओळ हमखास छापलेली असते : 'हाय-रेझोल्यूशन ऑडिओ सपोर्ट'. शेजारी आकडे असतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. कुठे ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ. या आकड्यांपायी माणसं घरातलं चालू स्थितीतलं चांगलं यंत्र काढून टाकतात आणि नवं घेतात.

आणि मग यावर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, फरक ढळढळीत आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याने कान तपासून घ्यावेत. दुसरा म्हणतो, ही निव्वळ लूट आहे. सीडीच्या पुढे ऐकण्यासारखं काही उरतच नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांनी यात का पडावं, असं कुणी विचारील. उत्तर सोपं आहे. 'फरक आहे' म्हणजे काय, 'तो ऐकू येतो' म्हणजे काय, आणि 'तो नाही' असं कशाच्या आधारावर म्हणायचं, हे तिन्ही प्रश्न मोकळे ठेवून दोन्ही तट निकाल देऊन बसले आहेत. हे प्रश्न आमच्या घरचे आहेत.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाट चुकणार नाही. घरच्या यंत्राने हे फॉरमॅट वाजवले पाहिजेत ही मागणी बरोबर आहे. पण तिच्या समर्थनासाठी जे कारण दिलं जातं, ते टिकणारं नाही. खरं कारण दुसरीकडे आहे, आणि ते अधिक महत्त्वाचं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. 'रेझोल्यूशन' हा शब्द चित्राच्या दुनियेतून आला. फोटोत ठिपके जितके जास्त, तितकी पानाची शीर आणि डोळ्याची पापणी अधिक स्पष्ट. हे आपल्याला रोजच्या अनुभवाने पटलेलं आहे. तेव्हा 'ध्वनीचं रेझोल्यूशन' म्हटलं की आपल्या मनात तसंच चित्र उभं राहतं : सीडीमध्ये आवाजाच्या पायऱ्या पायऱ्या असतील, हाय-रेझमध्ये त्या पायऱ्या बारीक होऊन गुळगुळीत उतार होत असेल. जाहिरातींत तर अशी आकृतीच काढलेली असते. इथेच गोंधळाचं मूळ आहे.

डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाच्या लहरीची उंची ठराविक अंतराने मोजतात. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. हा आकडा कुठून आला? सीडी येण्याआधी डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेप वापरत. टीव्हीच्या प्रत्येक चित्ररेषेत तीन नमुने बसवायचे. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ रेषा गुणिले ६० गुणिले ३, आणि युरोपच्या पद्धतीत २९४ रेषा गुणिले ५० गुणिले ३. दोन्हीकडे उत्तर ४४,१००. म्हणजे हा आकडा आकाशातून पडलेला नाही, हाताशी होतं त्या साधनातून निघालेला आहे. पण तो पुरेसा का ठरला, याचं उत्तर गणितात आहे. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत असं सांगतो की एखाद्या लहरीत एका मर्यादेवरची फ्रीक्वेन्सी नसेल, तर त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेगाने घेतलेल्या नमुन्यांतून ती लहर पुरती, अगदी जशीच्या तशी, परत मिळवता येते. लक्षात घ्या, 'जवळपास' नव्हे. दोन नमुन्यांच्या मधला भाग अंदाजाने भरला जात नाही. त्या अटीत बसणारी एकच लहर त्या नमुन्यांतून जाऊ शकते. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या ध्वनीला पायऱ्या नसतात.

मग नमुने दुप्पट केले तर काय मिळतं? त्याच आवाजाचा अधिक बारीक तपशील मिळत नाही. मिळतात त्या अधिक उंच फ्रीक्वेन्सी. ४४.१ किलोहर्ट्झ नमुनादर साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी धरतो, ९६ चा दर ४८ पर्यंतचा, १९२ चा ९६ पर्यंतचा. माणसाचा कान तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. साठी ओलांडल्यावर अनेकांना १२ च्या वरचं फारसं ऐकू येत नाही. आम्ही आमचा हिशेब त्याहून वेगळा धरत नाही. थोडक्यात, चित्रात ठिपके वाढवणं म्हणजे दिसणाऱ्या गोष्टीत तपशील भरणं. ध्वनीत नमुने वाढवणं म्हणजे ऐकू येणाऱ्या प्रदेशाच्या पलीकडे जमीन विकत घेणं. गिल्बर्ट राइल ज्याला 'कोटिदोष' म्हणत असे, म्हणजे एका जातीच्या वस्तूबद्दलची भाषा दुसऱ्या जातीच्या वस्तूला लावणं, तो हा.

आता बिटांचं पाहू. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबल मिळतात. १६ बिट म्हणजे ९६ डेसिबल, २४ बिट म्हणजे १४४. हे आकडे सांगतात की सगळ्यात मोठा आवाज आणि यंत्राची स्वतःची खरखर यांच्यात किती अंतर आहे. रात्रीच्या शांत दिवाणखान्यातही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. पंखा चालू केला की तो आणखी वर जातो. त्या ३० वर ९६ चढवा. १२६ होतात. तिथे कान दुखायला लागतात. म्हणजे सीडीची १६ बिटांची पट्टीच आपल्या खोलीत मावत नाही. जुन्या मूळ फितींचा आवाका तर साधारण ६०-७० डेसिबलचा. त्या फितीवरचं गाणं २४ बिटांत घरी आणलं, तर वरचे बिट फितीचीच सरसर इमानाने जपत बसतात.

इथवर ऐकून दुसऱ्या तटाला आनंद झाला असेल. पण तो लगेच साजरा करू नये. कारण गणित काय सांगतं हा एक भाग झाला, आणि प्रत्यक्ष ऐकणाऱ्याला काय कळतं हा दुसरा. त्याची परीक्षा झालेली आहे.

२००७ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांचा एक निबंध आला. त्यांनी युक्ती साधी केली. सुपर ऑडिओ सीडी किंवा डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकड्या चांगल्या यंत्रावर वाजवायच्या, आणि मध्ये एक असा अडसर घालायचा की तो चालू केला की आवाज सीडीच्या १६ बिट, ४४.१ मधून गाळून जाईल. ऐकणाऱ्याला अडसर आहे की नाही ते सांगायचं नाही, त्याने ओळखायचं. ५५४ वेळा चाचणी झाली, त्यात २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. टक्केवारी काढली तर ४९.८. नाणं उडवलं असतं तरी एवढंच झालं असतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या निबंधावर आक्षेप आले. वापरलेल्या तबकड्यांपैकी काहींचं मूळ ध्वनिमुद्रणच हाय-रेझ नव्हतं, हा त्यातला एक वजनदार आक्षेप. पुढे २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात जोशुआ रिस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. १२,५०० हून अधिक चाचण्या. बरोबर उत्तरं सुमारे ५२ टक्के. फरक लहान आहे, पण इतक्या मोठ्या संख्येत तो योगायोग म्हणून झटकता येत नाही. आणि ज्यांना आधी काय ऐकायचं याचं शिक्षण दिलं होतं, त्यांचे निकाल स्पष्टपणे चांगले होते.

तर मंडळी, आता काय म्हणायचं? इथे आपल्याकडचं एक जुनं शास्त्र कामाला येतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा नाही हे मला कसं कळलं? तो उपलब्ध झाला नाही, यावरून. पण शास्त्रकार तिथे थांबत नाहीत. ते विचारतात, मग खोलीत पिशाच नाही हेही तसंच कळतं का? पिशाच तर असलं तरी दिसत नाही. म्हणून ते अट घालतात : ती 'योग्यानुपलब्धी' हवी. वस्तू असती तर ती दिसण्याजोगी असली पाहिजे, उजेड पुरेसा पाहिजे, डोळे धड पाहिजेत. ही योग्यता असताना जर दिसलं नाही, तरच 'नाही' म्हणता येतं.

हे तंतोतंत आपल्या भांडणाला लागू पडतं. दुसरा तट म्हणतो, चाचणीत कुणाला ओळखता आलं नाही, म्हणजे फरक नाही. त्यांना विचारायचं : तबकडीत मुळात हाय-रेझ ध्वनी होता का? स्पीकर तो बाहेर टाकू शकत होता का? ऐकणाऱ्याला सराव होता का? योग्यता नसेल तर तुमची अनुपलब्धी पिशाचाच्या जातीची झाली. आणि पहिला तट म्हणतो, मला ऐकू येतं, म्हणजे आहे. त्यांनाही विचारायचं : दोन्ही आवाजांची पातळी तुम्ही जुळवली होती का? कारण किंचित मोठा असलेला आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. कुठला आवाज कुठला, हे तुम्हाला आधी माहीत होतं का? एका आवाजानंतर दुसरा ऐकायला किती वेळ गेला? आवाजाची ताजी स्मृती काही सेकंदांत विरते. केबल बदलायला पाच मिनिटं गेली, तर तुम्ही आवाजाची तुलना केली नाही, आठवणीशी तुलना केली.

पहिल्या तटाकडे अजून एक शस्त्र आहे आणि ते तत्त्वज्ञानाच्या कोठारातलंच आहे. लाइब्निझ म्हणत असे की समुद्राची गाज आपण ऐकतो तेव्हा प्रत्येक लाटेचा आवाज वेगळा असा ऐकू येत नाही, तरी तो प्रत्येक आवाज आपल्यापर्यंत काही अंशी पोचलेला असलाच पाहिजे; शून्यांची कितीही बेरीज केली तरी गाज होणार नाही. मग २० किलोहर्ट्झच्या वरचं जाणीवपूर्वक ऐकू आलं नाही, तरी त्याचा एकूण अनुभवावर परिणाम का नसावा? युक्तिवाद देखणा आहे. पण तो इथे लागत नाही. लाइब्निझची एकेक लाट कानाच्या कक्षेतली आहे, फक्त क्षीण आहे. ४० किलोहर्ट्झचा ध्वनी क्षीण नाही, तो कानाच्या दाराशीच अडतो. उलट काही ॲम्प्लिफायर आणि स्पीकरांत ही अतिउच्च स्पंदनं एकमेकांत मिसळून खालच्या, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात नवीच विकृती तयार करतात. म्हणजे कधी कधी 'काहीतरी वेगळं ऐकू आलं' हे खरंही असेल, पण ती भर गायकाची नसून यंत्राची असेल.

एवढं झाल्यावर एक प्रामाणिक प्रश्न उरतो. हाय-रेझ तबकडी किंवा फाइल अनेकांना खरोखर चांगली वाटते. ते सगळे काय भ्रमात आहेत? मुळीच नाही. आणि याचं उत्तर मेयर-मोरान यांच्याच निबंधात आहे, जे त्यांचं नाव घेणारे सहसा सांगत नाहीत. त्यांनी नोंदवलं की या हाय-रेझ तबकड्या बहुतेक सीडींपेक्षा खरोखरच चांगल्या वाजत होत्या. अडसर घालूनही चांगल्याच वाजत होत्या! कारण त्या अधिक निगुतीने तयार केल्या होत्या. चोखंदळ, थोड्या श्रोत्यांसाठी काम करताना ध्वनितंत्रज्ञाला मोकळीक मिळाली होती. बाजारातल्या सीडीवर मात्र १९९० नंतर आवाज वर वर ढकलण्याची शर्यत लागली. गाणं सगळीकडे सारखंच मोठं, चढ-उतार चेपून सपाट. मेटालिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम यासाठी इतका बदनाम झाला की खुद्द चाहत्यांनी तक्रारी केल्या. त्या तबकडीला १६ बिट कमी पडले नव्हते. तिने त्यातले थोडेच वापरले.

म्हणजे श्रोत्याचा अनुभव खरा, त्याने लावलेलं कारण खोटं. आपल्या शास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. धूर खरा आहे, पण तो ज्या आगीचा सांगितला जातो त्या आगीचा नाही.

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. तानपुऱ्याचा आवाज. जवारी नीट लागलेली असेल तर एका तारेतून स्वरांची जी रांग उलगडत जाते, ती सगळी कानाच्या कक्षेतली, सीडीच्या पट्टीत आरामात बसणारी आहे. घरी ती ऐकू येत नाही तेव्हा दोष सहसा कुणाचा असतो? ध्वनिमुद्रणाच्या वेळी माइक कुठे ठेवला होता याचा. नंतर ज्याने आवाज चेपला त्याचा. भिंतीला चिकटवलेल्या स्पीकरचा. समोरच्या उघड्या भिंतीवरून परतणाऱ्या नादाचा. एक जाड पडदा, पुस्तकांनी भरलेलं कपाट आणि स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढणं, यांनी जो फरक पडतो तो सरावाशिवाय, चाचणीशिवाय कुणालाही कळतो. त्याची खोक्यावर ओळ नसते, कारण तो विकता येत नाही.

आता 'सपोर्ट' या शब्दाकडे येऊ. हा शब्द फार चतुर आहे. यंत्र १९२ किलोहर्ट्झ 'सपोर्ट' करतं म्हणजे एवढंच की तसली फाइल दारात आली तर ते तिला परत पाठवत नाही. घरात घेतल्यावर तिचं काय करतं, हे त्या शब्दात नाही. अनेक एव्ही रिसीव्हर खोलीनुसार आवाज दुरुस्त करण्याची सोय चालू केली की आलेला ध्वनी ४८ किलोहर्ट्झवर उतरवतात आणि मग त्यावर काम करतात. सुपर ऑडिओ सीडीचा एक-बिटी डीएसडी ध्वनी तर अशा प्रक्रियेआधी सहसा दुसऱ्याच पद्धतीत बदलावा लागतो. ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये हाय-रेझ संगीत जादा पैसे न घेता देऊ केलं, पण ४८ च्या वरचं ऐकायचं तर फोनला बाहेरून डॅक जोडावा लागतो, म्हणजे आकड्यांचं पुन्हा विद्युतलहरीत रूपांतर करणारं वेगळं उपकरण. आणि ब्लूटूथ? एलडॅक ही पद्धत सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेते; साध्या सीडीलाच १,४११ लागतात. तरी तिच्यावर 'हाय-रेझ ऑडिओ वायरलेस'चा सोनेरी शिक्का असतो. दाराची रुंदी दाखवून घराचं क्षेत्रफळ विकणं म्हणतात ते हेच.

तर मग दुसरा तट जिंकला, आणि हे फॉरमॅट मोडीत काढावेत? नाही. आता आपण आमच्या मुख्य मुद्द्याशी आलो.

हाय-रेझचं खरं घर दोन ठिकाणी आहे. एक स्टुडिओ. तिथे डझनावारी आवाज मिसळायचे असतात, कमी-जास्त करायचे असतात, आणि गायक पुढच्या तानेला किती उसळेल हे आधी ठाऊक नसतं. तिथे २४ बिटांची मोकळी जागा खरोखर उपयोगी पडते. दुसरं घर म्हणजे अभिलेखागार. जुन्या फिती आणि तबकड्या जपण्यासाठी ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांची आहे, आणि ९६ किलोहर्ट्झ अधिक पसंतीचं. कलकत्त्यात १९०२ साली गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेव्हा भोंग्यात गावं लागे आणि उंच स्वरांचा मोठा भाग गळूनच जाई. तिथे ९६ किलोहर्ट्झ कशाला? गाण्यासाठी नाही, ओरखड्यासाठी! ओरखड्याची टकटक जितकी नेमकी नोंदवली जाईल, तितकी ती पुढे गाण्याला धक्का न लावता काढता येते. फितीवर ध्वनिमुद्रण करताना मिसळलेला, ऐकू न येणारा अतिउच्च संकेत पकडता आला, तर त्यावरून फितीच्या वेगातली थरथरसुद्धा दुरुस्त करता येते. म्हणजे न ऐकू येणाऱ्या गोष्टीचा उपयोग आहे, पण तो कानाला नाही, उद्याच्या दुरुस्तीला आहे.

आणि घरी? घरी हे फॉरमॅट वाजले पाहिजेत याचं कारण असं की स्टुडिओत जी प्रत 'ही बरोबर आहे' म्हणून मान्य झाली, तीच प्रत, मध्ये कुणाचा हात न लागता, पैसे देणाऱ्याला मिळावी, आणि ती वीस वर्षांनीही त्याला वाजवता यावी. हा अखंडतेचा आणि मालकीचा प्रश्न आहे. कानाची कसोटी लावून तो सुटत नाही. पुस्तकाची संपूर्ण आवृत्ती आपण प्रत्येक तळटीप वाचणार म्हणून घेत नाही. कुणी आपल्यासाठी परस्पर कापाकापी करू नये म्हणून घेतो.

या कसोटीवर गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास पाहा, म्हणजे खरं अपयश कुठे आहे ते दिसेल. सुपर ऑडिओ सीडी १९९९ मध्ये आली, डीव्हीडी-ऑडिओ २००० मध्ये. दोघींनाही कुलपं होती. सुरुवातीच्या बहुतेक यंत्रांतून तो हाय-रेझ ध्वनी डिजिटल रूपात बाहेर काढायला परवानगीच नव्हती. डिजिटल युगातली सर्वांत प्रगत तबकडी ऐकायला सहा ॲनालॉग वायरी ओढाव्या लागत. ग्राहकाने तबकडी विकत घेतली, पण तिच्यातला ध्वनी त्याच्या हवाली केला नाही. सामान्य घरांत त्या पोचल्या नाहीत, यात या कुलपांचा वाटा मोठा आहे.

नंतर एमक्यूए आलं. २०१४ मध्ये मेरिडियन कंपनीकडून जाहीर झालं. हाय-रेझ ध्वनीची घडी घालून लहान फाइलीत बसवायचा आणि परवानाधारक यंत्रातच तो पूर्ण उलगडायचा, अशी योजना. यंत्रावर दिवा लागायचा, 'हे अस्सल आहे' असं सांगणारा. पण ती पद्धत आतून काही माहिती टाकून देणारी होती, आणि ती कशी चालते हे तपासायला खुलं नव्हतं. म्हणजे अस्सलपणाचा दाखला देणारा आणि तो तपासण्याची वाट बंद करणारा एकच. आमच्या भाषेत याला स्वतःच साक्षीदार आणि स्वतःच न्यायाधीश म्हणतात. २०२३ मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत जाऊन प्रशासकांच्या ताब्यात गेली, पुढे लेनब्रुकने ती विकत घेतली. २०२४ मध्ये टायडलने एमक्यूए सोडून फ्लॅक स्वीकारलं. ज्यांनी केवळ त्या दिव्यासाठी यंत्र घेतलं, त्यांच्या घरात आता तो दिवा क्वचितच लागत असेल.

याउलट फ्लॅक पाहा. २००१ पासून उपलब्ध, खुलं, कुणाचा परवाना लागत नाही, एकही बिट न गमावता आवाज निम्म्याच्या आसपास जागेत बसवणारं. २०२४ च्या अखेरीस त्याचा तपशील इंटरनेटच्या औपचारिक मानकांत नोंदला गेला. उद्या एखादी कंपनी बुडाली तरी कुणीही जाणकार ते वाजवणारं साधन पुन्हा लिहू शकेल. यात दिवा नाही, शिक्का नाही, म्हणून त्याची जाहिरातही नाही.

शेवटचं उदाहरण हेच तत्त्व उलट्या बाजूने दाखवतं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी महाग एलपी काढते. डिजिटलचा स्पर्श नसलेल्या शुद्ध ॲनालॉग तबकड्या, म्हणून शौकीन त्या घेत. २०२२ मध्ये उघड झालं की अनेक वर्षं त्यांतल्या बऱ्याच तबकड्या बनवताना मूळ फितीवरून आधी डीएसडी, म्हणजे डिजिटल प्रत केली जात होती. काहींनी लगेच शौकिनांची चेष्टा केली : तुमचे कान एवढे तयार, मग कळलं कसं नाही? आम्हाला ही चेष्टा उथळ वाटते. डिजिटल पायरी ऐकू आली नाही, यातून त्या पायरीचा दर्जा चांगला होता एवढं सिद्ध होतं. श्रोत्यांची तक्रार कानाची नव्हतीच. आपल्याला काय विकलं जातंय हे सांगितलं गेलं नाही, ही होती. ती ऐकू न येणाऱ्या फरकाबद्दलही तितकीच न्याय्य आहे. दुधात पाणी चवीला कळलं नाही म्हणून ते दूध होत नाही.

म्हणून दोन्ही तटांना आमचं सांगणं असं. पहिल्या तटाने 'मला ऐकू येतं' हा दावा प्रत्येक ठिकाणी पुढे करू नये. ज्या मागणीला तो आधार लागत नाही, तिला तो लावला की मागणीच दुबळी होते, कारण उद्या चाचणीत तो पडला की खालची मागणीही पडते. दुसऱ्या तटाने 'ऐकू येत नाही' एवढं सिद्ध करून कंपन्यांना मोकळं सोडू नये. ऐकू येत नाही म्हणून काहीही द्यावं, असा अर्थ निघाला तर उद्या सीडीपेक्षाही कमी देतील आणि तुमचीच चाचणी पुढे करतील.

यंत्र घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला आकडा विचारू नका. विचारा : हे यंत्र फ्लॅक वाजवतं का? माझ्या स्वतःच्या फाइली, कुणाच्या खात्यात लॉगिन न करता वाजवतं का? आवाज दुरुस्तीची सोय चालू केल्यावर आत काय होतं? कंपनीने ॲप बंद केलं तर हे चालेल का? याची उत्तरं समाधानकारक मिळाली तर १९२ चा आकडा बहुधा आपोआप आलेलाच असतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. आणि ज्यांच्याकडे जुनं, धड चालणारं यंत्र आहे, त्यांनी ते आकड्यासाठी काढू नये; तेवढ्या पैशात स्पीकर बदलावेत, नाहीतर पडदे शिवून घ्यावेत.

वेळ झाली आहे. नमुनादर आणि योग्यानुपलब्धी या दोन्हींबद्दल प्रश्न येतील असा अंदाज आहे. ते आपण आता घेऊ.